कंपनी हलते, माणसे मागे राहतात

२६ एप्रिल १९४० रोजी नेदरलँड्समध्ये एक कायदा झाला. युद्धाचा धोका निर्माण झाल्यास कंपन्यांना आपले अधिकृत मुख्यालय मायदेशातून राज्याच्या समुद्रापलीकडील भागात, म्हणजे डच ईस्ट इंडीज, सुरिनाम किंवा कुरासाव येथे नेण्याची मुभा त्याने दिली. देश तेव्हा तटस्थ होता. चौदा दिवसांनी, १० मे रोजी जर्मन फौजा आत घुसल्या आणि १३ मे रोजी राणी विल्हेल्मिना लंडनला निघून गेली. फिलिप्स आणि तेल व्यवसायातील रॉयल डच या दोन बलाढ्य कंपन्या त्याच सुमारास कायद्याच्या दृष्टीने कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटाच्या रहिवासी झाल्या. फिलिप्सचा आइंटहोव्हनचा कारखाना आइंटहोव्हनलाच होता, रॉयल डचची हेगची कचेरीही हेगलाच होती. बदलला होता तो फक्त पत्ता.

त्या पत्त्यावर किती अवलंबून असते, हे दुसऱ्या महायुद्धात आधी युरोपात आणि दीड वर्षाने पूर्व आशियात कळले. पूर्वेकडे प्रकार उलटा झाला. युरोपातील कंपन्यांना वसाहती आसरा वाटल्या होत्या, पण डिसेंबर १९४१ नंतर वसाहतीच जपानच्या तावडीत जाऊ लागल्या. २५ डिसेंबर १९४१ रोजी हाँगकाँग पडले, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रंगून आणि जावा दोन्ही गेले. तिथे नोंदलेल्या कंपन्यांनी काय करायचे, या प्रश्नाची त्या काळात निरनिराळी उत्तरे दिली गेली. आज मागे वळून पाहताना त्यांतली कोणती टिकली, कोणाच्या उपयोगी पडली आणि कोणाच्या नाही, हे एकत्र मांडता येते.

पत्ता बदलायला कायदा कशाला?

माणूस देश सोडतो तेव्हा त्याचे कायदेशीर वास्तव्यही कालांतराने बदलू शकते. कंपनीचे तसे नाही. इंग्रजी परंपरेत कंपनी जिथे नोंदली जाते, त्या जागेशी ती जन्मभर बांधलेली असते. संचालकांनी ठराव करून इंग्लंडातील कंपनी उद्या ऑस्ट्रेलियाची करता येत नाही. युरोपच्या मुख्य भूमीवरील परंपरेत मुख्यालयाची जागा बदलता येते, पण त्यासाठी सर्वसाधारण सभा, नियमावलीत दुरुस्ती, नोटरीपुढचा दस्त असे सगळे सोपस्कार लागतात. डोक्यावर बाँब पडत असताना भागधारकांना सभेची नोटीस पाठवून त्यांची वाट पाहत बसता येत नाही. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, कंपनीचे बिऱ्हाड मात्र सरकारी नोंदवहीत असते. ते उचलायचे तर सरकारनेच आधी परवानगी देऊन ठेवावी लागते.

आणि न उचलले तर काय होते, याचे धडे आधीच्या युद्धांनी दिलेले होते. बोअर युद्धाच्या तोंडावर, ऑक्टोबर १८९९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल सरकारने ड्रिफाँटेन कन्सॉलिडेटेड माइन्स या कंपनीचे सोने जप्त केले. कंपनीचे बहुसंख्य भागधारक ट्रान्सवालचे नव्हतेच, ती नोंदलेली मात्र ट्रान्सवालमध्ये होती. विम्याच्या दाव्यात ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९०२ साली कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण नुकसान युद्ध सुरू होण्याआधीचे होते. परंतु कंपनीचे राष्ट्रीयत्व ठरवताना पाहिली गेली ती नोंदणीची जागा. १९१६ च्या डेमलर खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी कसोटी पुढे आणली. तिथे वादी कंपनी इंग्लंडात नोंदलेली होती, पण तिची सूत्रे जर्मन हातांत होती. अशा कंपनीला शत्रू मानता येते, असे न्यायालयाने म्हटले.

तिसरा धडा स्पेनच्या यादवी युद्धाने दिला. जून १९३७ मध्ये बिलबाओ फ्रँकोच्या फौजांनी घेतले. तिथे मुख्यालय असलेल्या बँको दे बिलबाओचे खरे संचालक कोण, हा वाद इंग्लंडच्या न्यायालयात गेला. १९३८ साली अपील न्यायालयाने कौल दिला तो असा: बँकेचे घर ज्या भूमीवर आहे, त्या भूमीवर प्रत्यक्ष ज्याची सत्ता चालते, त्याचे कायदे लागू. शहर पडले की कंपनीही पडते, इतका सरळ अर्थ त्यातून निघत होता. नोंदणी, नियंत्रण आणि प्रत्यक्ष ताबा या तीन कसोट्या कंपन्यांच्या वकिलांसमोर असतानाच १९३९ उजाडले.

कुरासाव की बटाविया?

डच कंपन्यांपुढे पर्याय तीन होते. राज्यातच राहायचे असल्याने डच राष्ट्रीयत्व कायम राहणार होते, कायदा ओळखीचा होता, नोटरी डच होते. पण या जागा एकमेकींसारख्या नव्हत्या. बटाविया, म्हणजे आजचे जकार्ता, हे बँका, व्यापारी पेढ्या आणि अनुभवी नोकरशाही असलेले मोठे शहर होते. कुरासाव हे तेलशुद्धीकरणाच्या एका मोठ्या कारखान्यावर जगणारे लहान बेट होते. कागदावर बटाविया सरस होते. कुरासावच्या जमेची बाजू एकच, ते अमेरिकेच्या अंगणात होते.

ही एकच बाजू पुरेशी ठरली. बटावियाला निघालेल्यांना बावीस महिन्यांत पुन्हा नवे घर शोधायची वेळ आली, कारण मार्च १९४२ मध्ये जावावरील डच फौजांनी शरणागती पत्करली. कुरासावही अगदी निर्धास्त नव्हते. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी शेजारच्या अरुबावर आणि आसपासच्या तेलवाहू जहाजांवर हल्ले केले. परंतु बेट हातचे गेले नाही, म्हणून तिथला पत्ताही वैध राहिला.

फिलिप्सची तयारी या साऱ्यात सर्वांत पद्धतशीर होती. युद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्येच, कंपनीने ब्रिटन आणि अमेरिकेतील आपली मालमत्ता तिथल्या बँकांकडे विश्वस्त म्हणून सोपवली होती. मे १९४० मध्ये अँटोन फिलिप्स आणि त्यांचे जावई फ्रान्स ऑटेन ब्रिटिश विनाशिकेतून इंग्लंडला पोहोचले. अँटोन यांचे पुत्र फ्रिट्स मात्र मागे राहिले. कारखान्यावर जर्मनांनी आपले प्रशासक नेमले. पुढे फ्युख्तच्या छळछावणीत फिलिप्सची कार्यशाळा चालली आणि तिथल्या ३८२ ज्यूंचे प्राण त्यामुळे वाचले. कुरासावच्या पत्त्याने कंपनीची परदेशी मालमत्ता राखली. आइंटहोव्हनच्या माणसांसाठी काही करायचे तर तिथेच राहावे लागत होते.

बेल्जियमचे उदाहरण अधिक विलक्षण आहे. युनियन मिनिएर दु ओ-कटांगा ही कंपनी बेल्जियन काँगोच्या कायद्याखालची, पण तिचा कारभार ब्रसेल्सहून चाले. तिचे प्रमुख एडगर सेंगिए युद्ध सुरू झाल्यावर न्यूयॉर्कला गेले आणि तिथून त्यांनी खाणींचे व्यवहार चालवले. १९४० मध्ये काँगोतील सुमारे १,२०० टन युरेनियम खनिज त्यांनी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर आणून ठेवले. सप्टेंबर १९४२ मध्ये अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पाने ते विकत घेतले. ब्रसेल्स जर्मनांच्या हाती होते, तरी कंपनीचे निर्णय घेणारा माणूस आणि तिचा माल दोन्ही त्यांच्या हाताबाहेर होते.

पूर्वेकडील पळापळ

आशियातील ब्रिटिश वसाहतींत इतकी आखीव तयारी दिसत नाही. मलायातील रबर कंपन्यांचे तेव्हा दोन प्रकार होते. लंडनमध्ये नोंदलेल्या कंपन्यांना स्टर्लिंग कंपन्या म्हणत, मलाया-सिंगापुरात नोंदलेल्यांना डॉलर कंपन्या. सिंगापूर पडले तेव्हा दोघींचेही मळे जपान्यांच्या ताब्यात गेले. पण स्टर्लिंग कंपनीचे संचालक लंडनला सभा भरवू शकत होते, भागधारकांना पत्रे पाठवू शकत होते, नुकसानीचे दावे तयार करू शकत होते. डॉलर कंपनीची मोहोर, भागधारकांची वही आणि संचालक सगळेच एका तडाख्यात शत्रूच्या हाती गेले. संचालक सिंगापूरच्या चांगी तुरुंगात बंदिवान असतील, तर गणसंख्या कुठून भरणार?

इरावती फ्लोटिला कंपनीची गोष्ट याच जातीची आहे. ब्रह्मदेशाच्या नद्यांवर शेकडो जहाजे चालवणारी ही कंपनी स्कॉटलंडची. १९४२ मध्ये जपानी सैन्य मंडालेकडे सरकू लागले तेव्हा तिच्या माणसांनी आपलीच जहाजे हाताने बुडवली. ताफा संपला, पण ग्लासगोच्या नोंदवहीतली कंपनी शाबूत राहिली. युद्धानंतर तिने पुन्हा काम सुरू केले आणि १९४८ साली स्वतंत्र ब्रह्मदेशाने तिचे राष्ट्रीयीकरण केले.

हाँगकाँग अँड शांघाय बँकेला अशी सोय नव्हती. हाँगकाँगच्याच कायद्याने स्थापन झालेल्या या बँकेचे मुख्यालय हाँगकाँगमध्ये असणे बंधनकारक होते. शहर पडल्यावर बँकेचे प्रमुख व्हॅन्डेलर ग्रेबर्न बंदिवान झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये स्टॅन्लीच्या तुरुंगात वारले. ब्रिटिश सरकारने हुकूम काढून मुख्यालय लंडनला हलवले, आणि लंडन शाखेचे आर्थर मॉर्स बँकेचे सूत्रधार झाले. वसाहत शत्रूकडे असतानाही तिच्या कंपनीविषयी लंडनला हुकूम काढता आला, कारण वसाहतीच्या कायद्याचा अंतिम धनी लंडनमध्येच बसलेला होता. गुलामीच्या व्यवस्थेतले हे तर्कट कंपनीच्या पथ्यावर पडले. जून १९४६ मध्ये मुख्यालय हाँगकाँगला परतले.

सिंगापूरच्या ओव्हरसी-चायनीज बँकिंग कॉर्पोरेशनची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी. १९१२ ते १९१९ दरम्यान निघालेल्या तीन चिनी बँका १९३२ च्या मंदीत एकत्र आल्या आणि ही बँक उभी राहिली. सिंगापूर पडण्याच्या सुमारास बँकेचे एक प्रमुख अधिकारी टॅन चिन तुआन तिथून बाहेर पडले. बँकेचे मुख्यालय तात्पुरते मुंबईत नोंदवले गेले आणि युद्ध संपल्यावर ते पुन्हा सिंगापूरला गेले. स्थलांतरित चिनी व्यापाऱ्यांनी ब्रिटिश सिंगापुरात उभी केलेली बँक तिच्या सर्वांत कठीण काळात कागदोपत्री मुंबईची रहिवासी होती.

मुंबईच का, हे समजायला फार खोलात जावे लागत नाही. कंपनी कायदा इंग्रजी घडणीचा, स्टर्लिंगशी जोडलेला रुपया, जुन्या परदेशी बँकांच्या शाखा आणि १९३७ पासून इथेच स्थिरावलेले रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालय, हे सगळे एका शहरात होते. मद्रास आणि कलकत्त्याला १९४२ मध्ये जपानी हल्ल्याची धास्ती होती, मुंबई त्या मानाने दूर होती. रिझर्व्ह बँक तेव्हा ब्रह्मदेशाचीही मध्यवर्ती बँक होती. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला तरी ते काम तिच्याकडेच राहिले होते. रंगून गेले, गव्हर्नर डॉर्मन-स्मिथ यांचे सरकार सिमल्याला आले, पण या बँकेला आपले मध्यवर्ती कार्यालय काही हलवावे लागले नाही, कारण तिचे घर आधीपासूनच सुरक्षित बाजूला होते.

न्यायालयांची पावती

पत्ता बदलला, पण ज्या देशात कंपनीचा पैसा पडून आहे तिथल्या न्यायालयाने तो मानला पाहिजे. खरी परीक्षा तिथे झाली. रॉटरडॅमच्या व्हॅन उडेन या जहाज कंपनीने मुख्यालय हलवले नव्हते. एका सोव्हिएत संस्थेशी तिचा लंडनमध्ये वाद चालू होता. नेदरलँड्स ब्रिटनचा मित्र, त्याचे सरकार लंडनमध्येच आश्रयाला, तरी हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९४२ च्या अखेरीस सांगितले की शत्रूने व्यापलेल्या प्रदेशातील कंपनी शत्रूच समजली जाईल आणि तिला ब्रिटिश न्यायालयात दाद मागता येणार नाही. मित्रदेशाची कंपनी केवळ पत्त्यामुळे शत्रू ठरली.

अमेरिकेत वेगळी अडचण होती. डच मालमत्ता तिथे १० मे १९४० लाच गोठवली गेली. २४ मे १९४० रोजी डच सरकारने लंडनहून एक हुकूम काढला. व्याप्त प्रदेशातील रहिवाशांची परदेशी मालमत्ता जपणुकीसाठी सरकारच्या नावे झाली. ज्यांनी वेळेवर मुख्यालय हलवले होते, त्या कंपन्या यातून सुटल्या. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९४२ साली ट्रान्सअँडिन खटल्यात हा हुकूम मान्य केला. मालकांना लुबाडण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि तो अमेरिकी धोरणाला धरून होता, हे न्यायालयाला महत्त्वाचे वाटले.

हे निकाल शेजारी ठेवले की बिलबाओ प्रकरणाचा धडा किती बदलला ते दिसते. प्रत्यक्ष ताबा कोणाचा, एवढेच पाहिले तर जिंकणाऱ्याला सगळे मिळते. १९४० नंतरच्या न्यायालयांनी त्याला मुरड घातली, पण ज्यांच्याकडे आधी केलेला कायदा, मान्यताप्राप्त सरकार आणि वेळेवर झालेली नोंद होती त्यांच्यापुरतीच.

मागे राहिलेले

इथपर्यंतचा हिशेब मालमत्तेचा झाला. मुख्यालय लंडनला किंवा मुंबईला गेले तरी हाँगकाँग-सिंगापूरचे ठेवीदार, कर्जदार आणि कारकून तिथेच होते. जपान्यांनी हाँगकाँग बँकेच्या अधिकाऱ्यांना धाक घालून, चलनात न आलेल्या नोटांवर सह्या करायला लावल्या. अशा सुमारे १२ कोटी हाँगकाँग डॉलरच्या नोटा बाजारात आल्या. मुख्यालय तर लंडनला होते, मग या नोटा बँकेच्या की नाहीत? १९४६ मध्ये बँकेने त्या मान्य केल्या. बँकेची पत राहिली. परंतु मधल्या काळात गरजू लोकांनी त्या पडत्या भावात विकल्या होत्या आणि खरा फायदा झाला तो साठेबाजांचा.

कर्जाचा प्रश्न आणखी चिवट होता. जपान्यांनी शत्रूच्या बँका मोडीत काढून आपले अवसायक नेमले आणि कर्जदारांकडून लष्करी नोटांत वसुली केली. युद्ध संपल्यावर तीच बँक परत आली आणि कर्ज पुन्हा मागू लागली. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली हॉ पिया खटल्यात कर्जदाराची बाजू घेतली, जपानी अवसायकाकडे केलेली फेड वैध ठरवली. मलायात त्याच वर्षी खास कायदा करून ताब्याच्या काळातील देण्याघेण्यांची तड लावावी लागली. कंपनीचे एक शरीर मुंबईत आणि दुसरे सिंगापुरात शत्रूच्या हाती, अशा अवस्थेत कर्जदाराने नेमके कोणाला पैसे द्यायचे होते, याचा विचार मुख्यालय हलवणाऱ्या हुकमांनी केलेला नव्हता.

ज्यांचा धंदा जमिनीत रुतलेला होता, त्यांना कागद हलवून फारसे काही मिळाले नाही. ब्रह्मदेशातील चेट्टियार सावकारी पेढ्यांकडे १९३० च्या दशकाअखेर तांदळाच्या १३ मुख्य जिल्ह्यांतील सुमारे पाव जमीन आलेली होती. वह्या घेऊन माणसे तमिळ मुलखात परतली, पण जमीन पाठीवर टाकून आणता येत नव्हती, आणि स्वतंत्र ब्रह्मदेशाच्या जमीन कायद्याने ती कायमची गेली. चेट्टियारांसाठी हे नुकसान होते. कर्जापायी जमीन गमावलेल्या बर्मी शेतकऱ्याला मात्र त्यांचे दप्तर परत यावे असे का वाटावे? युद्धात वाचवलेली मालकी मुळात कोणाच्या घामावर उभी होती, हा सवाल वसाहतींतल्या प्रत्येक उदाहरणाच्या पाठीशी उभा आहे.

गोव्यातही याचा एक वेगळा अवतार दिसला. बँको नॅशनल अल्ट्रामारिनो या पोर्तुगीज बँकेचे मुख्यालय लिस्बनलाच असल्याने १९६१ मध्ये ते हलवण्याचा प्रश्न आला नाही. हलवले गेले ते गोवेकरांनी गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने. गोवा मुक्त होण्याच्या आधी ते पोर्तुगालला रवाना झाले आणि १९९१ मध्ये परत आले. बँक सुरक्षित राहिली, तिचे तारणही सुरक्षित राहिले, आणि गहाण ठेवणाऱ्या घरांना आपल्याच बांगड्या-पाटल्यांसाठी तीस वर्षे थांबावे लागले.

युद्धानंतरचा वारसा

आणीबाणीसाठी काढलेली वाट शांततेतही वापरात राहिली. फिलिप्स, रॉयल डच मायदेशी परतल्या, पण कुरासावच्या वकील-नोटरींना परक्या कंपन्यांचे घर सांभाळण्याची सवय लागली होती. पुढच्या दशकांत कुरासाव ज्यात मोडत होते ते डच अँटिलिस कर वाचवण्याचे प्रसिद्ध ठाणे झाले. नेदरलँड्सने १९६७ साली मुख्यालय स्थलांतराचे कायमस्वरूपी कायदे केले, तेव्हा डोळ्यांसमोर शीतयुद्ध होते. मार्च १९८४ मध्ये, हाँगकाँग चीनला परत देण्याच्या वाटाघाटी चालू असताना, तिथल्या जार्डिन मॅथेसन या कंपनीने आपले अधिकृत घर बर्म्युडाला नेत असल्याचे जाहीर केले. तोफ एकही उडाली नव्हती, तरी कारण तेच होते, उद्या या भूमीवर कोणाचा कायदा चालेल याची भीती. गंमत अशी, की याच हाँगकाँगने २३ मे २०२५ पासून परदेशी कंपन्यांना आपले घर अस्तित्व न मोडता तिथे आणण्याची सोय करून दिली आहे.

सगळे पारड्यात टाकल्यावर माझा निष्कर्ष असा. मुख्यालयाचे स्थलांतर परदेशात असलेली मालमत्ता आणि मालकीचा दावा वाचवते, आणि तेही तीन अटींवर: कायदा संकट येण्याआधी झालेला असावा, नवी जागा खरोखरच शत्रूच्या आवाक्याबाहेर असावी आणि पैसा जिथे आहे तिथली न्यायालये नव्या पत्त्याला मान देणारी असावीत. मळे, जहाजे, कारखाने, जमीन यांना ते वाचवत नाही. माणसांना तर मुळीच नाही. म्हणून असा कायदा करताना कंपनी कुठे जाईल हे लिहिणे पुरेसे नाही. ठेवीदाराची ठेव कोणी परत करायची, कर्जदाराने कोणाकडे फेड केली तर ती चालेल, कामगाराचा पगार आणि फंड कोणाच्या शिरावर, ही कलमे त्याच कायद्यात हवीत. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात नोंदणीकृत कार्यालय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याची रीत सविस्तर दिली आहे. ते देशाबाहेर हलवण्याची तरतूद त्यात नाही. उद्या कधी ती करायची वेळ आली, तर युद्धकाळातील हुकमांत राहून गेलेली ही कलमे आधी लिहावीत आणि पत्ता त्यानंतर बदलावा.